एअरब्रश थुंकतोय? आधी कपात डोकावा

प्लास्टिकची मॉडेलं रंगवणाऱ्या तुमच्याकडून या वेळी आलेले बहुतेक प्रश्न एअरब्रशचेच आहेत, म्हणजे हवेच्या दाबाने रंग फवारणाऱ्या त्या पेनासारख्या हत्याराचे, आणि सगळ्यांचा सूर एकच, माझा एअरब्रश बिघडलाय का, नवीन घेऊ का. थांबा, घाई करू नका. प्रश्न वाचताना मला तर वाटत राहिलं की यातले खरोखर बिघडलेले एअरब्रश फार थोडे असणार, बाकीच्यांचं दुखणं त्याच्या कपात भरलेल्या रंगात आहे, त्यामुळे प्रश्न कुठलाही असला तरी मी फिरून फिरून रंगावरच येणार, आधीच सांगून ठेवते.

प्रश्न : ताई, रंग नक्की किती पातळ करायचा? जो तो म्हणतो दुधाइतका. मी तसाच करतो तरी कधी ठिपके उडतात, कधी रंग ओघळतो. एक काय ते प्रमाण सांगा ना.

एक प्रमाण नाहीये, असतं तर मीही सुखी झाले असते. दुधाचं म्हणाल तर त्यातून अंदाज येतो एवढंच, कारण दूध पण पातळ असतं आणि साईचं पण असतं. तरी सुरुवातीला हाताशी काहीतरी हवं म्हणून ढोबळ सांगते. तामियाचे एक्स आणि एक्सएफ अ‍ॅक्रिलिक असतील तर एक भाग रंगाला एक ते दोन भाग थिनर, म्हणजे रंग पातळ करायचा द्रव. मिस्टर कलरसारखे लॅकर (उग्र वासाचे, झटकन वाळणारे रंग) असतील तर दोन भागांच्या आसपास जावं लागतं. वायेहोचा मॉडेल कलर हा मुळात हाताच्या ब्रशसाठीचा घट्ट रंग आहे, त्याला बरोबरीने थिनर घालून बघा, आणि त्यांचाच मॉडेल एअर पातळच येतो, त्याला दोनचार थेंब पुरतात. ड्रॉपरच्या बाटलीवर एअर लिहिलंय म्हणून तो थेट कपात ओतून मारणारे खूप जण आहेत, मला स्वतःला तो ०.३ मिमीच्या नोझलला (रंग जिथून बाहेर पडतो तो टोकाचा छोटा पार्ट) तरी थोडा जडच वाटतो.

पण या आकड्यांच्या आधी एक गोष्ट येते आणि ती सगळे विसरतात. बाटली नीट ढवळली का? रंगाचं पिगमेंट तळाशी बसतं, वरवर हलवून वरचं पाणचट काढून घेतलं की मग तुमचं एकास एक हे कशाचं एकास एक राहिलं? तामियाच्या काचेच्या बरणीत काडी घालून तळ खरवडून ढवळायचं, ड्रॉपरच्या बाटलीत स्टीलची, न गंजणारी, छोटी गोळी टाकून भरपूर हलवायची. शिवाय अर्धी वापरून झालेली जुनी बाटली कायम नव्या बाटलीपेक्षा घट्ट असते कारण आतलं सॉल्व्हंट उडत राहतं, म्हणजे गेल्या वर्षी जमलेलं प्रमाण त्याच बाटलीला यंदा जमेलच असं नाही.

म्हणून प्रमाण मोजत बसण्यापेक्षा बघायला शिका. रंग वेगळ्या छोट्या बाटलीत मिसळा, कपात नको, कारण कपाच्या तळाशी न मिसळलेला घट्ट रंग सरळ नोझलकडे उतरतो. (कपातच मिसळायचं असेल तर निदान आधी थिनर आणि मग रंग टाका.) मग काडीने थोडा रंग बाटलीच्या आतल्या भिंतीवर चढवा आणि सोडा. तो लगेच पाण्यासारखा निघून गेला आणि मागे काहीच उरलं नाही तर जास्त पातळ झालाय, जाड थर तिथेच चिकटून बसला तर घट्ट आहे, आणि सावकाश उतरत मागे एक पारदर्शक पडदा ठेवून गेला तर चला, मारून बघा. मारायचं मात्र मॉडेलवर नाही, प्लास्टिकच्या जुन्या चमच्यावर किंवा टाकाऊ पार्टवर.

आता चमचा काय सांगतो ते ऐका. जाडे जाडे ठिपके आले तर रंग घट्ट आहे किंवा हवा कमी पडतेय. मध्ये थेंब साचून बाजूला कोळ्याच्या पायांसारख्या रेषा पळाल्या तर रंग फार पातळ आहे, किंवा हवा जास्त आहे, किंवा तुम्ही फार जवळ आहात, किंवा तिन्ही. हात फिरवल्यावर खरखरीत, धूळ बसल्यासारखं लागलं तर रंग वाटेतच वाळून पोचतोय, तिथे अंतर कमी करा, हवा कमी करा नाहीतर सावकाश उडणारा थिनर वापरा. संत्र्याच्या सालीसारखं आलं तर थेंब पडले पण पसरायला वेळ मिळाला नाही. हे चार चेहरे ओळखता आले की प्रमाण विचारायची गरज उरत नाही. साध्या कामाला हवेचा दाब १५ ते २० पीएसआय, म्हणजे साधारण एक ते १.४ बार, इथून सुरुवात करा, आणि हे प्रेशर ट्रिगर दाबून हवा चालू असताना बघायचं, कारण हवा सुटली की काटा खाली येतो.

प्रश्न : वायेहोच्या रंगात आयसोप्रोपिल अल्कोहोल घातलं तर कपात चोथा झाला. तामियाला तर तेच मस्त चालतं! दोन्ही अ‍ॅक्रिलिकच आहेत ना?

बाटलीवर अ‍ॅक्रिलिक लिहिलंय म्हणून दोघं भावंडं होत नाहीत. तामियाचा रंग अल्कोहोलमध्ये रमणारा आहे, त्याला त्यांचा एक्स-२०ए थिनर चालतो, आयसोप्रोपिल चालतं, आणि मिस्टर कलर लेव्हलिंग थिनर तर इतका छान चालतो की लॅकर थिनर असूनही बरेच जण तामियाला दुसरं काही लावतच नाहीत, कारण त्यात रंगाचं वाळणं लांबवणारा रिटार्डर आहे, रंग पसरून सपाट बसतो. वायेहो मात्र पाण्यातला रंग आहे, त्यात अल्कोहोल किंवा लॅकर थिनर पडलं की तो फाटतो. त्याला त्यांचाच एअरब्रश थिनर द्या आणि वर रंग वाहता ठेवणाऱ्या फ्लो इम्प्रूव्हरचे थेंब. नुसतं पाणीही चालतं पण पाणी प्लास्टिकवर गोळा होऊन बसतं, खाली प्रायमरचा (रंगाआधीचा) थर नसेल तर जास्तच. हम्ब्रॉलसारख्या इनॅमलला व्हाइट स्पिरिट. कंपनी कुठलीही असो, नवा रंग आणि नवा थिनर पहिल्यांदा एकत्र आणताना बाटलीच्या झाकणात दोन थेंब मिसळून पाच मिनिटं ठेवा, फाटायचं असेल तर तिथे फाटू दे.

हेच धुताना पण लक्षात ठेवा बरं का. वायेहो मारून झाल्यावर ओल्या कपात थेट लॅकर थिनर ओतलं तर आतल्या आत चिकट गोळा होतो आणि मग तुम्ही म्हणणार क्लीनर वाईट आहे. आधी पाण्याने सगळा रंग काढा, मग क्लीनर, आणि हवं असेल तर शेवटी जोरदार काहीतरी.

प्रश्न : फवारताना कपात बुडबुडे येतात. यूट्यूब बघून बघून डोकं फिरलं.

बुडबुडे म्हणजे हवा उलटी येतेय, बस. पुढे जायला वाट नाही म्हणून किंवा मध्येच भोक सापडलं म्हणून ती रंगाच्या वाटेने मागे कपात शिरते. धुताना आपण हेच मुद्दाम करतो, पुढची कॅप अर्धा फेरा सैल करून किंवा टोक फडक्याने दाबून हवा सोडतो आणि कपात खळखळाट होतो.

आधी पुढची कॅप नीट आवळलीय का बघा. मग नोझलच्या तोंडाशी आणि कॅपच्या आत वाळलेला रंग आहे का ते. तरी थांबलं नाही तर नोझल जिथे बॉडीत बसतो तो जोड हवा सोडत असेल, तिथल्या आट्यांवर किंचित मधमाशीचं मेण लावून बसवा (ओ-रिंगवाला नोझल असेल तर ओ-रिंग बघा). मेणाने थांबलं तर दोष कळलाच. आणि हे सगळं करूनही चालूच राहिलं तर भिंगाखाली नोझलचं टोक बघा, तिथे केसाएवढी चीर गेलेली असते किंवा तोंड फाकलेलं असतं, बहुतेक वेळा सुई जोरात पुढे ढकलल्यामुळे. असा नोझल बदलायचा, त्याला औषध नाही.

नोझल आवळताना मात्र पाना दोन बोटांत धरा, मुठीत नको. ०.२, ०.३ च्या छोट्या स्क्रूवाल्या नोझलच्या आट्या इतक्या नाजूक असतात की तुटून अर्ध्या बॉडीतच राहतात, मग पुढचं विचारू नका.

प्रश्न : पाच मिनिटं छान चालतो मग रंग यायचा बंद होतो, ट्रिगर अजून मागे ओढला की एकदम भस्सकन येतो. नोझल चोक होतोय का?

आतून नाही, टोकावर. याला टिप ड्राय म्हणतात, सुईच्या टोकाला लागलेला रंग सततच्या हवेने वाळत जातो आणि त्याची टोपी तयार होते. पाण्यातल्या अ‍ॅक्रिलिकला हा त्रास सर्वात जास्त, आणि पांढरा, पिवळा असले रंग त्यात पुढे. थिनरमध्ये काही थेंब रिटार्डर किंवा फ्लो इम्प्रूव्हर घाला, प्रेशर थोडं उतरवा, आणि शेजारी थिनरमध्ये भिजवलेला इअरबड ठेवून मधून मधून सुईचं टोक पुसा, पुढून, हलक्या हाताने. लॅकर मारणाऱ्यांना ही कटकट फारशी नसते, म्हणून तर वासाला वैतागून सुद्धा लोक लॅकर सोडत नाहीत.

ट्रिगरची एक सवय लावून घ्या. आधी दाबून हवा, मग मागे ओढून रंग, थांबताना आधी रंग बंद मग हवा. हवा आधी बंद केली तर टोकावर रंगाचा थेंब राहतो आणि पुढच्या वेळी तोच थेंब तुमच्या कॉकपिटवर पडतो.

प्रश्न : मॅडम प्रत्येक रंगानंतर अख्खा एअरब्रश उघडायचा का? मला भीती वाटते पार्ट हरवायची, आणि खरं सांगू तर कंटाळा पण येतो.

कंटाळा आला ते बरंच आहे, कारण दर वेळी अख्खा उघडायची गरजच नाही, उलट सारखा उघडून लोक आट्या आणि सुया खराब करतात. रंग बदलताना एवढंच करा : उरलेला रंग ओतून टाका, कप टिश्यूने पुसा, थिनर टाकून क्लीनिंग पॉटमध्ये (फवारा झेलणाऱ्या बरणीत) फवारा, एकदा उलटी हवा देऊन खळखळवा, ते ओता, परत स्वच्छ थिनर टाका आणि पांढऱ्या टिश्यूवर रंग दिसेनासा होईपर्यंत फवारा. फिकटकडून गडदकडे जात असाल तर यातही थोडी सूट घेता येते. मेटॅलिक मारलं असेल तर मात्र अजिबात सूट नाही, ते चमकणारे कण पुढच्या मॅट रंगात दिसतातच दिसतात.

दिवसाचं काम संपलं की याच्यापुढे एक पायरी जा. मागचं हँडल काढा, सुईचा नट सैल करा, सुई मागे ओढून काढा आणि फडक्यावर ठेवून मागून टोकाकडे पुसा, टोकाकडून मागे नाही, नाहीतर बोटालाही लागते आणि सुईलाही. पुढची कॅप काढून आतून पुसा, तिथे साचलेला रंग बरेच जण बघतच नाहीत. दात साफ करायचे बारीक ब्रश मिळतात ना फटीत घालायचे, ते कपाच्या तळाच्या भोकासाठी एक नंबर. नोझल काढायचाच असेल तर आधी सुई मागे घ्या, मग पाना लावा, सुई पुढे रुतलेली असताना नोझल फिरवू नका. सुई परत घालताना सावकाश, जिथे थांबेल तिथे थांबायचं, जोर द्यायचा नाही. आणि सुईवर वंगण लावायचं तर एअरब्रशचंच, अगदी नावापुरतं आणि मागच्या भागाला, टोकाकडे गेलं तर ते रंगात उतरतं आणि मग रंग पृष्ठभागावरून मागे सरकून बारीक बारीक डोळे पडतात.

पूर्ण उघडणं कधी? रंगाचा प्रकार बदलताना, ट्रिगर जड लागायला लागला की, किंवा वरचं सगळं करूनही टिश्यूवर जुना रंग येत राहिला की. उघडताना खाली कडा असलेला ट्रे ठेवा आणि बेसिनवर तर मुळीच उघडू नका, नोझल तांदळाच्या दाण्याहून लहान असतो.

प्रश्न : रात्रभर थिनरमध्ये बुडवून ठेवला तर? आणि काच पुसायचं निळं लिक्विड स्वस्तात मस्त क्लीनर आहे म्हणतात, खरंय?

अख्खा बुडवू नका. एअर व्हॉल्व्हमध्ये आणि आतल्या सीलमध्ये साधं रबर असतं बऱ्याच एअरब्रशला, लॅकर थिनरमध्ये किंवा अ‍ॅसिटोनमध्ये ते फुगतं, मग हवा गळते. पीटीएफईचं (टेफ्लॉनचं) सील टिकतं पण तुमच्यात कुठलं आहे हे माहीत असल्याशिवाय प्रयोग नको. नोझल, कॅप, सुई असे धातूचे सुटे पार्ट थोडा वेळ भिजवायला हरकत नाही. त्या निळ्या लिक्विडमध्ये बऱ्याचदा अमोनिया असतो आणि अमोनियाचं पितळेशी पटत नाही, बॉडी तर पितळेचीच असते वरून क्रोम. झटकन फवारून लगेच पाण्याने धुतलं तर चालून जातं, भिजत घातलं तर नाही. अल्ट्रासॉनिक मशीन असेल तर तेही सुट्या पार्टसाठीच, आणि त्यात पाणी नि साबण, पेट घेणारं थिनर त्या टाकीत ओतायचं नाही म्हणजे नाही.

प्रश्न : नवीन सुरुवात करतोय. एअरब्रशबरोबर काय काय अ‍ॅक्सेसरीज घेऊ? लिस्ट बघून गरगरतंय.

टाकीवाला कॉम्प्रेसर, दाब कमीजास्त करणारा रेग्युलेटर आणि हवेतलं पाणी अडवणारा मॉइश्चर ट्रॅप, इथे काटकसर करू नका. टाकी नसली की पिस्टनच्या धडधडीचा हलका हिसका हवेत येतो आणि बारीक रेषेत तो दिसतो. हवेच्या कॅनवर सुरुवात करायचा मोह होईल, पण कॅन वापरता वापरता गार पडतो आणि प्रेशर खाली येत जातं, म्हणजे शिकायच्या काळात नेमकी एक गोष्ट सतत बदलत राहणार. होज (हवेची नळी) घेताना आट्या जुळतात का बघा, बहुतेक एअरब्रशला १/८ बीएसपी मापाची आटी असते पण बॅजर, पाश यांची स्वतःची वेगळी असते, अडॅप्टर लागतो.

मग क्लीनिंग पॉट, पिपेट, ते बारीक ब्रश, एअरब्रश टेकवायला स्टँड (हे लोक टाळतात आणि मग भरलेला कप आडवा होतो), क्विक रिलीज (होज झटकन जोडायचा-सोडायचा जोड). आणि एक जास्तीची सुई नि नोझल, तुमच्याच मॉडेलचे. सुई पडणार आहे, नेहमी टोकावरच पडते, आणि शनिवारी रात्रीच पडते. नोझलचं म्हणाल तर ०.३ ने सुरू करा, १/३५ स्केलचे रणगाडे असोत की १/७२ ची विमानं, बहुतेक सगळं त्यात होतं. प्रायमर आणि मोठे पृष्ठभाग यांना ०.५ सोयीचा, ०.२ नंतर कधीतरी, कारण रंग पातळ करायचा हात बसलेला नसताना ०.२ म्हणजे नुसता मनस्ताप.

जे घेऊ नका ते म्हणजे नोझल साफ करायच्या टोकदार सुयांचे सेट. मऊ धातूच्या भोकात कडक सुई फिरवली की भोक गोल राहत नाही, मग फवारा कायमचा एका बाजूला जातो.

प्रश्न : १/७२ मेसरश्मिट १०९ विमानाच्या बाजूंना मॉटल (धूसर कडांचे डाग) मारायचंय. माझे डाग गाईच्या अंगावरच्या ठिपक्यांएवढे येतात.

रंग नेहमीपेक्षा पातळ करा, निम्म्याहून जास्त थिनर, आणि प्रेशर १० ते १२ पीएसआयवर आणा. दोन्ही एकत्र उतरवायचं हं, नुसतं प्रेशर उतरवून रंग तसाच ठेवला तर ठिपके उडतील, नुसता रंग पातळ करून प्रेशर तसंच ठेवलं तर कोळी पळतील. मग सेंटिमीटर दोन सेंटिमीटरवर जा, हवा सतत चालू ठेवा आणि ट्रिगर जेमतेम मागे घ्या. एका फटक्यात डाग उठवायचा नाही, पहिल्या वेळी जवळजवळ दिसायलाच नको, दोनतीनदा फिरून गडद करायचा. हँडलला मागे स्क्रूचा स्टॉप असेल तर तो लावून ट्रिगर जास्त मागे जाणारच नाही असं करा. काही जण पुढची नीडल कॅप काढून मारतात, टोकाला रंग साचत नाही म्हणून. चालतं, पण सुई उघडी आहे हे विसरायचं नाही. आणि जास्तीचं झालं तर मूळ फिकट रंग तसाच पातळ करून कडा मागे ढकलता येतात, मला तर वाटतं मॉटल खरं तिथेच सुंदर होतं.

प्रश्न : मध्येच पाण्याचे थेंब येतात, ट्रॅप लावलेला असूनही.

दाबल्यावर हवा तापते आणि पाइपमधून जाताना गार होते, गार होताना तिच्यातली वाफ पाणी बनते. तुमचा ट्रॅप कॉम्प्रेसरला चिकटून असेल तर तिथे हवा अजून गरम असते, पाणी त्याच्यापुढे होजमध्ये तयार होतं आणि ट्रॅप कोरडाच. एअरब्रशच्या खाली हातात येतो तो छोटा इनलाइन ट्रॅप अजून एक लावा, टाकीच्या तळाचा व्हॉल्व्ह उघडून साचलेलं पाणी दर वेळी काढा आणि दमट दिवसांत कॉम्प्रेसरला मधून मधून विश्रांती द्या. फार दमट असेल तर ग्लॉस कोट (चकचकीत थर) त्या दिवशी मारूच नका, लॅकरचा तर नक्कीच नाही, दुधट पडतो.

प्रश्न : अ‍ॅक्रिलिकला मास्क लागतो का? वास तर येत नाही.

लागतो. वास नाही म्हणजे फवारा नाही असं थोडंच आहे, बारीक थेंब फुप्फुसात जायचे ते जातातच. नुसत्या पाण्यातल्या रंगाला एन९५ सारखा कणांचा मास्क चालेल पण लॅकर, इनॅमल किंवा आयसोप्रोपिल वापरताय तर तो वाफ अडवत नाही, तिथे ऑरगॅनिक व्हेपरचे कार्ट्रिज लावलेला रेस्पिरेटर हवा, सोबत कणांचा फिल्टर. कार्ट्रिज उघड्यावर ठेवलं तर वापरात नसतानाही संपत जातं, काम झालं की हवाबंद पिशवीत. हवा बाहेर टाकणारा स्प्रे बूथ किंवा निदान खिडकीकडे तोंड केलेला पंखा असूनही मास्क काढायचा नाही, आणि क्लीनिंग करताना तर नाहीच, कारण सगळ्यात जास्त थिनर आपण धुतानाच उडवतो.

प्रश्न : नुसता दाबला, मागे ओढला नाही, तरी रंग येतो.

सुई पूर्ण पुढे बसलेली नाही. नट सैल करा, सुई हलकेच पुढे टेकवा, नट आवळा. तरीही येत असेल तर नोझलमध्ये वाळलेला कण अडकलाय, किंवा सुईचं टोक वाकलंय. टोक इअरबडच्या कापसावरून ओढून बघा, धागा अडकला तर हुक आहे. अशी सुई नोझलमधून मागे ओढू नका, आतून ओरखडा जातो, इथे मात्र नेहमीच्या उलट, आधी नोझल उतरवा मग सुई काढा. हुक बारीक असेल तर काचेवर आडवी ठेवून, फिरवत फिरवत, २००० च्या पॉलिश पेपरवर हलकेच ओढली की सरळ होते.